शेंदूर, पादुका आणि निळी पाटी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूच्या देऊळवाड्यातून बाहेर पडते. पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. दुसऱ्या दिवशी वेशीपासून थोडे पुढे जाताच ती थांबते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे पहिली अभंग-आरती होते, मग पुढे चिंचोलीच्या पादुकांपाशी विसावा, आणि संध्याकाळी आकुर्डी. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली हा पालखी सोहळा सुरू केला. या जागांचे महत्त्व समजून घ्यायला वारकऱ्याला पाटी वाचावी लागत नाही. पालखी थांबते म्हणून जागा लक्षात राहते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने 1927 साली हमरस्त्यांच्या कडेला इतिहास सांगणारे फलक लावायला सुरुवात केली. मोटारी वाढल्या होत्या; डोंगरातल्या आडगावी काय घडून गेले ते जाणाऱ्या-येणाऱ्याला चार ओळींत कळावे, हा हेतू. मावळात रस्त्याकडेच्या खुणा त्याहून कितीतरी जुन्या, पण बहुतेक मुक्या.

वीरगळ घ्या. देवळाच्या आवारात, पारावर किंवा शिवेवर हा उभा दगड दिसतो. वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, कधी शेजारी गाई, म्हणजे गोधन वाचवताना तो गेला. त्यावर लढाई: ढाल, तलवार, घोडा. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा अर्थ. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. एवढे सगळे सांगून झाल्यावर शिल्पकाराने बहुधा एकच गोष्ट लिहिलेली नसते: नाव.

नाव नसल्यामुळे पुढच्या पिढ्यांनी त्यांना सोयीचे नाव दिले. कुणी शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला, वीराचा म्हसोबा झाला. इतिहासकार यावर हळहळतात, आणि ते बरोबरच आहे; शेंदराच्या थराखाली घोड्याचा लगाम आणि वीराचा शिरोवेष दोन्ही बुजून जातात. तरी खरे सांगायचे तर ज्या दगडाला देवपण मिळाले त्याला हात लावायला जेसीबीवालाही कचरतो. ज्याला मिळाले नाही, त्याच्यावर बायका कपडे धुतात, किंवा तो पायरी म्हणून चिणला जातो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट फासणारे मात्र दोन्ही बाजूंनी नुकसान करतात.

सरकारी पाटीचा स्वभाव वेगळा. कार्ले, भाजे, बेडसे इथल्या लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी भेटते. ती सांगते की हे स्मारक 1958 च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाचे आहे आणि त्याची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होईल. मूळ कायद्यात ही शिक्षा तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होती. 2010 च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे आणि एक लाखावर नेली. दंडाचा आकडा बघून माणूस मागे सरकतो, पण आत कोण राहत होते हे त्याला कळतेच असे नाही.

वडगाव मावळची गोष्ट आणखी मजेची. राघोबादादांना पेशवाईवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. सोबत सुमारे 3900 शिपाई आणि 19000 बैल. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने ठार झाला. तळेगाव गाठले तर ते मराठ्यांनी जाळून ठेवलेले, दाणापाणी नाही. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावात पुरती कोंडली गेली. तिथेच तिने शरणागतीचा तह केला. महादजी शिंद्यांचा पुतळा या विजयाची आठवण म्हणून वडगावात आहे. पण लोकांच्या तोंडी बसला तो हरलेल्या बाजूचा स्टुअर्ट! त्याच्या धाडसावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याचे नाव ठेवले इष्टुर फाकडा, आणि त्याची समाधी वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. शत्रूला असे टोपणनाव देणे फार थोड्या लढायांत घडते.

देहूरोडची खूण तर अजून शंभरीतही नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची तिथल्या विहारात स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा पावणेदोन वर्षे अवकाश होता. दरवर्षी त्या तारखेला लोक जमतात आणि जागेला धम्मभूमी म्हणतात. दर्ग्यापाशी थांबणारी पालखी आणि ही गर्दी यांत फरक फक्त पंचांगाचा. तिथे तिथी, इथे तारीख.

देहूत इंद्रायणीकाठी जी शिळा पुजतात, तिच्यावर तुकोबा तेरा दिवस निर्जळी बसले, मग बुडवलेल्या वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. त्या शिळेवर अक्षर नाही. जवळच्या गाथा मंदिरात मात्र भिंतीभर संगमरवरात अभंगच अभंग. लोक भिंती वाचतात, पण कपाळ टेकतात ते शिळेवरच्या मंदिरात. 2022 च्या जूनमध्ये नव्या शिळामंदिराचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले, तेव्हा हा कोरा दगड देशभर टीव्हीवर दिसला.

आणि जिथे अक्षरे आहेत तिथे? देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या डोंगरात घोरवडेश्वराची लेणी आहेत. खाली महामार्ग, वर महाशिवरात्रीची जत्रा, तुकोबा इथेही चिंतनाला बसत अशी परंपरा. तिथल्या ब्राह्मी लेखांपैकी एक सातवाहनकाळातला. धेनुकाकट हे गाव त्यात येते. कार्ल्याच्या खांबांवरचे कितीतरी दाते याच गावचे, पण ते नेमके कुठे यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. लेण्याच्या पायथ्याशी पाटी लिहायची झाली तर कुणाला वेगळा मजकूर रचायची गरज नाही, लेखातला गोषवारा उतरवला की झाले: धेनुकाकटचा नांगरधारी कुटुंबिक उसभणक, त्याची बायको सिअगुतणिका, हिने आपला मुलगा नंद गृहपती याच्यासह हे लेणे दान दिले.