अलिबागची सुई, पुण्याचा उपग्रह

आमच्या थळचं नाव काढलं की लोकांना खतकारखाना आठवतो, नाहीतर समोरच्या खांदेरी-उंदेरी. शेजारच्या अलिबागेत समुद्रालगत चुंबकीय वेधशाळा आहे, तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ‘स्वयम्’ उपग्रहाबद्दल वाचताना मला मात्र तीच आठवत राहिली.

मुंबईत कुलाब्याला १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत. सप्टेंबर १८५९चं प्रचंड चुंबकीय वादळही तिथल्या कागदांवर उतरलेलं आहे. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या प्रवाहाने नाजूक सुया भरकटणार, हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा अलिबागला हलली. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आकड्यांना नवे नीट जोडता यावेत म्हणून. ट्राम धावली १९०७ मध्ये. इतकी आधीपासूनची तयारी आपल्याकडे विरळाच!

‘स्वयम्’ने हेच क्षेत्र कामाला लावलं. दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन जेमतेम किलोभर. एवढ्याशा सौरपट्ट्यांवर दिशा सांभाळणारी मोटर चालवणं महागात पडलं असतं. म्हणून आत कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईसारखा तो बलरेषांना समांतर राहू पाहतो. विषुववृत्तावर जवळपास आडवा, ध्रुवाशी उभा. पण सुई आधी डुलते, आणि अवकाशात ते डुलणं थांबवायला हवाच नाही. त्यासाठी खास मिश्रधातूच्या कांड्या आहेत. क्षेत्राची दिशा बदलेल तसं त्यांचं चुंबकत्व मागे रेंगाळतं, त्या ओढाताणीत ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि हेलकावे मंदावतात. वीज शून्य. मात्र एकदा उडाल्यावर दुरुस्तीही नाही; सगळं गणित जमिनीवरच चोख हवं.

काम सुरू झालं २००८ मध्ये. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे पहिली आकडेमोड करणारे केव्हाच नोकरीला लागले, आणि त्यांच्या वह्या, त्यांची गृहीतकं धाकट्यांनी समजून घेत पुढे नेली. २२ जून २०१६ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ने वीस उपग्रह वर नेले. ‘स्वयम्’ त्यांतला एक होता. सुरुवातीच्या तुकडीतला कोणीही तेव्हा महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून उरला नसणार.