कार्ट: एका बिनवजनाच्या गाडीची कुळकथा

आमच्या आत्याच्या फोनवर वरच्या उजव्या कोपऱ्यात एक इवलीशी गाडी आहे आणि तिच्या डोक्यावर २३ हा आकडा. दिवाळीपासून तो वीसच्या खाली आलेला मी पाहिलेला नाही. "कार्ट्यात टाकून ठेवलंय," असं ती सांगते. 'कार्ट'चं सामान्यरूप तिने घरोघरच्या कार्ट्यांवरून बेतलं आहे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. या गाडीचा व्रात्यपणा पाहता ते तिला शोभतं.

गंमत अशी की चित्रातली ती गाडी, म्हणजे तारेची जाळी, मागे तिरका दांडा, खाली दोन चाकं, आत्याने आयुष्यात फार तर चार-पाचदा ढकलली असेल. तिचा सगळा संसार वाण्याच्या यादीवर चालला. तरी बोट नेमकं तिथेच जातं. हे चित्र इतकं अंगवळणी कसं पडलं ते शोधायचं तर आधी वाण्याच्याच दुकानात जावं लागतं. मात्र ते दुकान अमेरिकेतलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं किराणा दुकान आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मधे फळी, पलीकडे दुकानदार, त्याच्या पाठीमागे डबे आणि पोती. गिऱ्हाइकाने यादी सांगायची, नोकराने माल काढून, तोलून, बांधून द्यायचा. ६ सप्टेंबर १९१६ रोजी मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं आणि मधली फळीच काढून टाकली. फिरत्या दांड्याच्या फाटकातून आत यायचं, टोपली घ्यायची, एकाच दिशेने जाणाऱ्या गल्ल्यांतून फिरत प्रत्येक वस्तूवरची किंमत वाचायची, हवं ते स्वतः उचलायचं आणि शेवटी पैसे भरून बाहेर पडायचं. या मांडणीचं त्याला १९१७ मध्ये पेटंटही मिळालं. दुकानदाराचे नोकर वाचले. त्यांचं ओझं गिऱ्हाइकाच्या दंडावर आलं.

आणि दंड भरून आला की खरेदी थांबे. ही गोष्ट ओक्लाहोमा सिटीत किराण्याच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या सिल्व्हन गोल्डमनच्या लक्षात आली. टोपली जड झाली की बाया सरळ पैसे भरण्याच्या टेबलाकडे वळत, मग यादीत काही उरलेलं असो वा नसो. सुरुवातीला त्याने नोकरांना सांगितलं, कुणाची टोपली भरत आली की दुसरी रिकामी द्या. पण टोपल्या दोन झाल्या तरी हात तेवढेच. १९३६ मध्ये एका रात्री कचेरीत बसलेला असताना त्याची नजर घडीच्या खुर्चीवर पडली. बैठकीच्या जागी टोपली ठेवली आणि पायांना चाकं लावली तर? फ्रेड यंग या कारागिराला हाताशी धरून त्याने वर एक, खाली एक अशा दोन टोपल्यांची, घडी होणारी गाडी तयार केली.

४ जून १९३७ ला ती दुकानात आली. तिला कुणी हात लावीना. तरण्या पुरुषांना वाटलं, टोपली उचलण्याचं बळ नाही असं दिसेल. तरुण बायका म्हणाल्या, बाबागाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे झाल्या. म्हाताऱ्यांना ती आपल्या थकलेपणाची जाहिरात वाटली. गोल्डमनने मग जे केलं ते मला मूळ शोधापेक्षाही हुशारीचं वाटतं. वेगवेगळ्या वयाची माणसं त्याने पगारावर ठेवली. त्यांचं काम एकच, गाडी ढकलत दुकानात हिंडायचं आणि खरेदी केल्यासारखं करायचं. दाराशी एक मुलगी उभी केली. ती येणाऱ्यापुढे गाडी करी आणि म्हणे, बघा, सगळे वापरतायत. थोड्याच दिवसांत सगळे खरोखरच वापरू लागले. ॲप पहिल्यांदा उघडलं की हल्ली बाण नाचवत 'इथे दाबा' म्हणतात, आणि 'आत्ता एवढे जण हेच पाहत आहेत' असं सांगतात. त्या दोन्ही क्लृप्त्या या दुकानात एकाच आठवड्यात सापडतात.

गाडीचं आजचं रूप मात्र गोल्डमनचं नाही. त्याची गाडी वापरून झाली की टोपल्या काढून सांगाडा घडी करावा लागे. १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने टोपलीची मागची बाजू बिजागरीवर झुलती केली. पुढच्या गाडीच्या पोटात मागची गाडी घुसू लागली आणि पंचवीस गाड्या चार-पाच गाड्यांच्या जागेत मावू लागल्या. तिरकी होत गेलेली जाळी, जी आपण चित्रात पाहतो, ती या घुसण्यापायी. लगेच भाऊबंदकी सुरू झाली. गोल्डमननेही तशाच गाडीच्या पेटंटसाठी अर्ज ठोकला होता. शेवटी १९४९ मध्ये त्याने हक्क सोडला, नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर मोजला आणि त्या बदल्यात गाड्या बनवण्याचा परवाना मिळवला. हा सौदा कुणाला फायद्याचा पडला ते सांगायला नको.

पुढची सोयरीक जुळायला पंचेचाळीस वर्षं गेली.

१९९४ साली वेबवर दुकान थाटणं म्हणजे विसरभोळ्या वाण्याच्या दुकानात जाण्यासारखं होतं. वेबचा मूळ स्वभावच तसा. ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, संपलं नातं. पुढचं पान मागणारा तोच आहे की दुसराच, याची त्याला खबर नसते. तुम्ही साखर मागितलीत, त्याने दिली; चहापत्तीकडे बोट दाखवलंत तर तो विचारणार, कोण आपण? शोधनिबंध वाचायला ही रीत उत्तम होती. टोपली भरायला ती कुचकामी ठरली. एकेक वस्तू विकता येई, आणि विकलीही गेली. त्या वर्षी ११ ऑगस्टला 'नेटमार्केट' नावाच्या दुकानाने स्टिंगची एक सीडी १२ डॉलर ४८ सेंटला, कार्डाचा नंबर कुलूपबंद करून विकली, तर दुसऱ्या दिवशी ती 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी झाली. पण सीडीसोबत पुस्तक आणि पुस्तकासोबत टीशर्ट घ्यायचा तर मधल्या काळात ते ठेवायचं कुठे?

हा प्रश्न नेटस्केपच्या लू माँटुलीपुढे आला. त्याची कंपनी एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन दुकान बांधत होती आणि एमसीआयची अट होती, अर्धवट सौद्यांची आठवण आमच्या सर्व्हरवर नको. माँटुलीने ती आठवण गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची ठरवली. सर्व्हर एक चिठोरं देईल, ब्राउझर ते जपेल आणि पुढच्या प्रत्येक खेपेला निमूट परत दाखवेल. जुन्या प्रोग्रॅमरांच्या बोलीत अशा न उघडता परत करायच्या चिठ्ठीला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यातलं 'कुकी' उरलं. आपल्याकडे याची नेमकी उपमा खाण्यातली नाही. देवळाबाहेर चपला सांभाळणारा जो पितळी बिल्ला देतो, तो ही कुकी. त्याला तुमचं नाव ठाऊक नसतं, ठाऊक व्हायची गरजही नसते. बिल्ला दाखवला की तुमचाच जोड पुढे येतो.

इथे सॉन्डर्सचीच चाल पुन्हा दिसते. त्याने मालाचं वजन गिऱ्हाइकावर टाकलं, एमसीआयला आठवणीचं वजन त्याच्यावर टाकायचं होतं. पुढे मोठ्या दुकानांनी सामानाची यादी स्वतःकडे घेतली आणि बिल्ल्यावर फक्त नंबर ठेवला. पण तोवर बिल्ल्याला इतर वाटा फुटल्या होत्या. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर बाहेर आला तेव्हा कुकी त्यात होतीच; सामान्य माणसाला तिचा पत्ता लागला तो १२ फेब्रुवारी १९९६ ला 'फायनान्शियल टाइम्स'ने लिहिल्यावर. एकच जाहिरातवाला आपला बिल्ला दहा गावच्या देवळांबाहेर ओळखू लागला. त्या पापाचा हिशेब वेगळा लिहावा लागेल. जन्म मात्र टोपलीसाठी झाला एवढं कुळवृत्तांतात नोंदवायला हवं.

नावाचा घोळ बरीच वर्षं चालला. जुलै १९९५ मध्ये दार उघडलेल्या ॲमेझॉनवर आधी 'बास्केट' होती, मग 'कार्ट' आलं. इंग्लंडमधली दुकानं अजून बास्केटच म्हणतात आणि ॲपलचं दुकान 'बॅग' म्हणतं. शब्दांपेक्षा मोलाची होती ती ॲमेझॉनच्या त्या काळच्या बटणापाशी छोट्या अक्षरांत लिहिलेली सूचना. तिचा मतलब असा, की टाका खुशाल, नंतर केव्हाही काढता येईल. दुकानात फळीवरची बरणी टोपलीत ठेवली म्हणजे ती विकत घेतली असं कुणालाच वाटत नाही. पडद्यावर मात्र बटण दाबलं की पैसे गेले, अशी धास्ती होती आणि ती गैर नव्हती. लाकडी फळी आणि तारेची जाळी जे न बोलता सांगतात ते पडद्याला शब्दांत सांगावं लागतं. वेबसाइट बांधणाऱ्यांनी पुढे या विषयावर जाडजूड पुस्तकं लिहिली. त्यांचं सार त्या एका ओळीत आहे असं मला वाटतं.

भाऊबंदकी या पिढीतही चुकली नाही. वेबवरच्या कार्टचं पेटंट 'ओपन मार्केट' या कंपनीने १९९८ मध्ये मिळवलं. हात बदलत ते 'सोव्हरेन'कडे गेलं आणि तिने एकेका दुकानदाराला कोर्टात खेचायला सुरुवात केली. ॲमेझॉनने २००५ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारी 'न्यूएग' मात्र अडून बसली. खालच्या कोर्टात हरली, वरच्या कोर्टात गेली. १९८४ पासून 'कॉम्प्युसर्व्ह'च्या बाजारात लोक टेलिफोनच्या तारेवरून वस्तू जमवून मागवत होते, मग यात नवं ते काय, हा तिचा मुद्दा. जानेवारी २०१३ मध्ये अपिलाच्या कोर्टाने तो मानला आणि पेटंट रद्द झालं. काहींनी मात्र आधीच पैसे मोजले होते.

आधी पैसे देऊन सुटलेल्या ॲमेझॉनकडेही आपलं एक शस्त्र होतं, तेही कार्टच्याच मुळावर येणारं. पत्ता आणि कार्ड आधीच ठाऊक असेल तर कार्ट हवंच कशाला? एक बटण, एक टिचकी, माल रवाना. 'वन-क्लिक'चं हे पेटंट २८ सप्टेंबर १९९९ ला मिळालं आणि महिनाभरात ॲमेझॉनने 'बार्न्स अँड नोबल'वर दावा ठोकला. डिसेंबरात मनाई हुकूम आला. प्रतिस्पर्ध्याने सोडवणूक काय केली? मुद्दाम एक टिचकी वाढवली. चांगली चालणारी गोष्ट कायद्यापोटी थोडी वाईट करून वापरायची, असा प्रसंग कारागिराच्या वाट्याला क्वचितच येतो. ते पेटंट २०१७ मध्ये संपलं. कार्ट मात्र संपलं नाही.

ते टिकलं याचं कारण, लोक त्यात वस्तू 'विकत घेण्यासाठी' टाकतात हा दुकानदारांचा समज अर्धाच खरा आहे. कोपनहेगनची बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक पाहण्यांची सरासरी काढते. त्या हिशेबाने शंभरातल्या सुमारे सत्तर कार्टांचे पैसे कधी भरलेच जात नाहीत. यातली काही माणसं दुकानाने स्वतःच्या हाताने घालवलेली असतात. जॅरेड स्पूल या उपयोगसुलभतेच्या अभ्यासकाने २००९ मध्ये एका मोठ्या दुकानाची हकिगत लिहिली. नाव त्याने सांगितलं नाही. कार्ट भरलं की पैसे भरण्याआधी तिथे 'नोंदणी करा' असं बटण येई. मालकांचा समज, नोंदणी केली की पुढच्या खेपेला गिऱ्हाइकाचं काम हलकं. प्रत्यक्ष बसून पाहिलं तेव्हा नवे लोक वैतागत होते, वस्तू घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही. जुन्यांना आपला पासवर्ड आठवत नव्हता. काहींच्या तर दहा-दहा नोंदण्या झालेल्या. बटणावर 'पुढे चला' लिहिलं, खात्याची सक्ती नाही अशी ओळ घातली, आणि स्पूलच्या सांगण्यानुसार वर्षभरात विक्री ३० कोटी डॉलरनी वाढली. आपला वाणी यादी घेताना पत्ता विचारतो तो सामान बांधून झाल्यावर, पोराला कुठे पाठवू म्हणून.

याउलट काही दुकानांनी गाडीच्या बिनवजनीपणाचा धंदाच केला. खऱ्या गाडीत कुणी गुपचूप नारळ सरकवला तर तो दिसतो आणि ढकलताना जाणवतो. पडद्यावरची गाडी रिकामी असो की भरलेली, तितकीच हलकी. बसचं तिकीट काढताना माझ्या बिलात न मागितलेला विमा आणि कुणासाठी तरी केलेलं दान निघालं, तेव्हा रक्कम इतकी किरकोळ होती की भांडायची लाज वाटावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा फसव्या मांडण्यांची यादी दिली आहे. त्यात हिचं नाव 'बास्केट स्नीकिंग'. गोल्डमनने हातावरचं वजन काढलं, वेबने उरलंसुरलंही काढलं. आता वजन म्हणून शिल्लक आहे ते त्या चित्रावरच्या आकड्याचं.

परवा मी आत्याला विचारलं, तेवीस वस्तू आहेत, घेणार कधी?

"घ्यायच्या कुठायत? बघून ठेवल्यात."

तिच्या पिढीने तुळशीबागेत हेच केलं. चार दुकानं फिरायची, भाव विचारायचा, मनात टिपून ठेवायचं, एखादवेळी महिन्याने येऊन घ्यायचं, नाहीतर नाही. गोल्डमनची गाडी तिने तशीच वापरायला घेतली आहे. बोलता बोलता तिचा फोन वाजला. कार्टमधल्या कुकरची किंमत चाळीस रुपयांनी उतरली होती आणि शेवटचे दोनच नग उरल्याचा निरोप होता. तिने चष्मा वर करून तो वाचला, कुकरवर बोट दाबलं आणि तो काढून टाकला.

"एवढे मागे लागतायत," ती म्हणाली, "म्हणजे काहीतरी खोट असणार."

आकडा आता २२ आहे.