टर्बो हॅचबॅक विकायला काढली तर हाती किती येतील?

अमरावती/अकोला : कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडे जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. पोट्ट्यांची नजर साध्या स्विफ्टवर नसते. त्यांना पोलो जीटी, बलेनो आरएस, आय-20 एन लाइन अशी पिकअपवाली गाडी पाहिजे असते. ती विकताना काय होते, हे घेण्याआधी पाहिलेले बरे.

हिशेब विम्याच्या पॉलिसीपासून सुरू करावा. त्यात आयडीव्ही म्हणून गाडीची किंमत लिहिलेली असते. पहिले 6 महिने 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50 टक्के घसारा धरतात. म्हणजे शोरूमला 10 लाखांची गाडी पाचव्या वर्षी विम्यात 5 लाखांची. आरटीओत भरलेला कर यात धरतच नाहीत, तो गेला म्हणूनच समजा.

बाजारभाव याहून वर किंवा खाली राहतो, अन् तालुक्याच्या गावात तो ठरवतो मिस्त्री. स्विफ्टचे काम कोणत्याही गॅरेजात होते, सामान लगेच मिळते, म्हणून तिला गिऱ्हाईक पटकन भेटते. बलेनो आरएस 2020 मध्ये बंद झाली, पोलो 2022 मध्ये. पोलो जीटी टीएसआयच्या जुन्या 1.2 लिटर मॉडेलला डीएसजी गिअरबॉक्स आहे. तो बिघडला तर खर्च मोठा अन् काम गावच्या मिस्त्रीच्या हातचे नाही. शौकीन माणूस अशा गाडीला चांगला भाव देतो, पण तो बहुतेक पुण्या-मुंबईत असतो. येथे बसून वाट पाहावी लागते. त्यात सायलेन्सर बदललेला, इंजिनची सेटिंग वाढवलेली असेल तर समजदार गिऱ्हाईक परत फिरते. बदलावर घातलेला पैसा तर निघतच नाही.

आणखी एक गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 28 टक्के अधिक उपकर, यावरून 18 टक्क्यांवर आला. आय-20 एन लाइन यातच बसते. नवीनच स्वस्त झाली, तर जुन्या बिलाचा आकडा दाखवून कोणी भाव देत नाही.

भावापेक्षा महाग पडते ते कागदाचे दुर्लक्ष. "नाव नंतर करून घेऊ" म्हणत किल्ली देऊ नये. गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. गाडी पळवणार दुसरा, नोटीस येणार जुन्या मालकाच्या घरी. विकणाऱ्याने 14 दिवसांत फॉर्म 29 देऊन आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने 30 दिवसांत फॉर्म 30 भरून आरसी नावावर करावी. विमाही 14 दिवसांत बदलून घ्यावा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.