यांत्रिक ई-सिगारेट : वेटोळ्याचा रोध व घटाचा विद्युत् दाब

विद्युत् घटाने तापविलेल्या तारेच्या वेटोळ्यावर ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे बहुधा निकोटीनयुक्त असे मिश्रण तापवून त्याचे बाष्प ओढण्याच्या साधनास ई-सिगारेट म्हणतात. ज्या प्रकारात घट व वेटोळे यांच्या दरम्यान कोणतेही इलेक्ट्रॉनीय नियंत्रक मंडल नसते, केवळ धातूची नळी व दाबायची कळ एवढेच असते, त्यास यांत्रिक ई-सिगारेट असे म्हणतात. अशा साधनात प्रवाहाला आवर घालणारी प्रमुख गोष्ट म्हणजे वेटोळ्याचा रोध होय आणि तो पुष्कळदा वापरणारा स्वतःच तार गुंडाळून ठरवितो. रोध व दाब यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मात्र या साधनापेक्षा पावणेदोनशे वर्षांनी जुना आहे.

कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकी शिकविणारे गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी १८२५-२६ मध्ये निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वाहणारा प्रवाह मोजला. त्या काळचे रासायनिक घट वापरात असतानाच क्षीण होत असल्यामुळे मापने स्थिर राहत नसत. म्हणून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म घेतले. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून स्थिर दाब मिळविला आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून प्रवाह ठरविला. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. शालेय पुस्तकांतून ओहम यांचा नियम ‘दाब भागिले रोध’ इतक्या संक्षिप्त रूपात येतो. परंतु त्यांच्या मूळ सूत्रात छेदस्थानी दोन पदे होती : एक तपासावयाच्या तारेचे व दुसरे उरलेल्या मंडलाचे, म्हणजे उगमासह सर्व जोडण्यांचे. हे दुसरे पद विसरले गेल्याने पुढे किती घोटाळे झाले, हे या विषयाच्या इतिहासात वारंवार दिसते.

प्रवाहाने तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग व रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे जेम्स प्रेस्कॉट जूल (१८१८–८९) यांनी १८४१ मध्ये दाखविले. याच सुमारास रशियात विद्युत् चलित्रांवर काम करणारे मोरिट्स हेर्मान याकोबी यांना आढळले की, बाहेरील रोध उगमाच्या अंतर्गत रोधाइतका असेल तेव्हा बाहेर मिळणारी शक्ती सर्वाधिक असते. हा निष्कर्ष खरा आहे. पण त्याच स्थितीत तेवढीच उष्णता उगमाच्या पोटात निर्माण होते. जास्तीत जास्त शक्ती मिळण्याची स्थिती हीच सर्वांत काटकसरीची, असा गैरसमज त्यानंतर कित्येक वर्षे टिकून राहिला. तो व्यवहारात मोडून काढण्याचे श्रेय बऱ्याच अंशी टॉमस आल्वा एडिसन व त्यांचे गणितज्ञ सहकारी फ्रान्सिस अप्टन यांच्याकडे जाते. त्यांच्या समकालीनांचे तापदीप कमी रोधाचे असून त्यांना मोठा प्रवाह लागे. एडिसन यांनी १८७९ मध्ये सु. १०० ओहम व त्याहून अधिक रोधाच्या कार्बन तंतूचा ध्यास घेतला. रोध व दाब दोन्ही वाढविले की, तेवढ्याच शक्तीला थोडा प्रवाह पुरतो, तारांत उष्णता कमी वाया जाते आणि तांबेही कमी लागते. घरगुती विजेची उपकरणे आजही याच तत्त्वावर चालतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर चालणाऱ्या १,००० वॉट इस्त्रीच्या तापक तारेचा रोध सु. ५३ ओहम असतो आणि ती ४.३५ अँपिअर प्रवाह घेते. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

हवेत लालभडक होऊनही न जळणारी तार मिळेपर्यंत तापक वेटोळे टिकाऊ होणे शक्य नव्हते. अमेरिकेतील आल्बर्ट मार्श यांना निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूसाठी १९०६ मध्ये एकस्व मिळाले. तिच्या पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडाचा घट्ट थर बसतो व आतील धातूचे रक्षण करतो. स्वीडनमधील हान्स फोन कान्टझो यांनी १९२०–३० या दशकात लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांची कॅन्थल ही मिश्रधातू तयार केली. नायक्रोमचा विशिष्ट रोध तांब्याच्या साठपटींहून अधिक व कॅन्थलचा सु. ऐंशीपट असतो. भट्ट्या, शेगड्या व इस्त्र्यांसाठी घडविलेल्या याच तारा पुढे ई-सिगारेटमध्ये आल्या.

ई-सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना बिनधुराच्या सिगारेटसाठी १९६५ मध्ये एकस्व मिळाले होते. पण तिचे उत्पादन बाजारात आले नाही. चीनमधील औषधनिर्माता हान लिक यांनी २००३ मध्ये आजच्या साधनाचा पाया घातला. दरम्यान १९९१ मध्ये लिथियम-आयन घट विक्रीस आला होता. पूर्ण भारित असता त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो आणि वापराबरोबर तो ३.२ व्होल्टपर्यंत व त्याखाली उतरतो. सुरुवातीच्या सिगारेटसारख्या बारीक साधनांतील वेटोळी २ ते ३ ओहम रोधाची असत, २.४ ओहमला प्रवाह १.७५ अँपिअर व शक्ती ७ वॉटच्या आसपास येई. एवढे बाष्प पुरेसे न वाटल्याने हौशी कारागिरांनी २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये विजेरीसारख्या नळीत मोठा घट बसविण्यास सुरुवात केली. यांत्रिक साधनांची परंपरा तेथून वाढली आणि पुढील काही वर्षांत वेटोळ्याचा रोध एक ओहमच्या खाली आणण्याची चढाओढ लागली.

या चढाओढीमागे एक साधे कारण होते. नियंत्रक नसल्यामुळे घट उतरेल तशी शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते, ४.२ वरून ३.२ व्होल्टवर येताना ती सु. ५८ टक्केच उरते. ही घट भरून काढण्यासाठी वापरणारा तारेचे वेढे कमी करी, जाड तार घेई किंवा दोन वेटोळी समांतर जोडी. समांतर जोडणीत ०.४ ओहमच्या दोन वेटोळ्यांचा एकत्रित रोध ०.२ ओहम होतो. पूर्ण भारित घटावर ०.२ ओहमला २१ अँपिअर प्रवाह लागतो. मुठीत मावणारी ही नळी इस्त्रीच्या जवळजवळ पाचपट प्रवाह घेते आणि तो पुरविणारा घट १८ मिमी. व्यासाचा व ६५ मिमी. लांबीचा असतो.

ओहम यांचे दुसरे पद येथे निर्णायक ठरते. घट व जोडण्या यांचा रोध ०.०३ ओहम धरून तो सर्व घटातच आहे असे मानू. ०.५ ओहमच्या वेटोळ्यात सु. ८ अँपिअर प्रवाह, ३१ वॉट उष्णता आणि घटाच्या आत २ वॉटहून कमी उष्णता असे प्रमाण येते. रोध ०.१ ओहमवर आणला, तर प्रवाह ३२ अँपिअर होतो. वेटोळ्यातील उष्णता १०४ वॉट, म्हणजे साडेतीनपटीहूनही कमी वाढते, पण घटातील उष्णता ३१ वॉटवर जाते, म्हणजे सोळापटींहून अधिक वाढते. बाष्प थोडे वाढते व घट मात्र भाजून निघतो. उत्तम प्रतीचे असे घट सतत २० ते ३० अँपिअर देऊ शकतात. लॅपटॉपमधून काढलेल्यांची क्षमता बहुधा याच्या निम्म्याहून कमी असते. म्हणून वेटोळ्याचा रोध आधी ठरवून मग घट शोधणे हा क्रमच उलटा आहे. घटाची सतत प्रवाहाची मर्यादा घेऊन ४.२ ला तिने भागले की सर्वांत कमी रोध मिळतो. २० अँपिअरच्या घटाला तो ०.२१ ओहम येतो व व्यवहारात त्याहून बराच वर राहणे भाग असते. एकसरी जोडणीत दोन घटांचा दाब ८.४ व्होल्ट होतो आणि त्याच वेटोळ्यातून दुप्पट प्रवाह प्रत्येक घटाला वाहून न्यावा लागतो, हे ध्यानात न घेतल्यानेही अपघात संभवतात.

गणित बरोबर असूनही धोका उरतो. या घटाचे धातूचे कवच ऋण अग्र असून ते धन टोकाच्या कडेपर्यंत आलेले असते. दोहोंमध्ये पातळ आवरण व एक लहान कडे एवढेच निरोधन असते. ते फाटले असता, किंवा वेटोळे बसविलेल्या भागाची मधली पिन पुरेशी पुढे आलेली नसता, घटाची दोन्ही टोके प्रत्यक्ष जोडली जातात. मग प्रवाहाला घटाच्या अंतर्गत रोधाखेरीज जवळजवळ अडसर उरत नाही. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की, आतील रासायनिक विक्रिया स्वतःच्याच उष्णतेने वेग घेतात व ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. नळीला पुरेशी छिद्रे नसतील, तर तिचे टोक गोळीसारखे उडते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९–१६ या काळातील ई-सिगारेटच्या आगी व स्फोट यांच्या १९५ घटना नोंदविल्या आहेत. मे २०१८ मध्ये फ्लॉरिडा राज्यात अशा स्फोटात साधनाचा भाग डोक्यात शिरून एका तरुणाचा मृत्यू झाला.

नियंत्रक मंडल असलेली साधने वेटोळ्याचा रोध स्वतः मोजतात आणि तो मर्यादेखाली असल्यास प्रवाह देत नाहीत. त्यांचा प्रसार झाल्यावर यांत्रिक प्रकार हौशी लोकांपुरता राहिला. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूमाने व डिसेंबर २०१९ मध्ये संसदेच्या अधिनियमाने सर्व प्रकारच्या ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांना बंदी घालण्यात आली. ही बंदी आरोग्याच्या, विशेषतः तरुणांमधील निकोटीनच्या व्यसनाच्या, कारणास्तव आहे.