मूर्तीचा डोळा

जानेवारी 1974. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचं छोटं गाव. बुटांना चिकटलेला बर्फ उंबऱ्यावर झटकून तुम्ही एका घरात शिरता. टेबलावर पातळ पुस्तिकांचे गठ्ठे आहेत, शेजारी लाकडी नक्षीचा कागद लावलेली तपकिरी खोकी. प्रत्येक खोक्यात तीन पुस्तिका हातानं भरल्या जातायत. पहिली आवृत्ती 1000 खोक्यांची, एकाची किंमत 10 डॉलर. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, तो रचणारे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन.

खेळायला बसा. पट नसला तरी चालतं. एक जण डंजन मास्टर होतो आणि सांगू लागतो: पायऱ्या ओल्या आहेत, खालून जळक्या चरबीचा वास येतोय, दार अर्धवट उघडं आहे. मग तो थांबतो आणि विचारतो, आता तुम्ही काय करता? उत्तर तुम्ही द्यायचं, ते निभावलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. तलवारी, मंत्र, राक्षस हे सगळं या प्रश्नाभोवतीचं सामान आहे. खेळाचा प्राण या प्रश्नात आहे. म्हणून या खेळाचा खरा चित्रकार कोण, हे ठरवायला माझी कसोटी एकच आहे: त्याचं चित्र तुम्हाला हा प्रश्न विचारतं का?

खोक्यातली पहिली पुस्तिका उचला. मुखपृष्ठावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आणि त्यावर स्वार. हे ग्रेग बेलचं रेखाटन. स्वाराची ढब मार्व्हलच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिकमधून उचललेली. आतली चित्रंही हौशी हातांची आहेत. गाठीला पैसा नाही, जो मिळेल तो चित्र काढतोय. त्या रेषांमध्ये उत्साह भरपूर आहे, पण त्या तुम्हाला इतकंच सांगतात की या जगात घोडेस्वार असतात आणि राक्षस असतात. पुस्तिका मिटा आणि तीन वर्षं पुढे चला.

1977. तेच गाव, पण खेळ आता चांगला खपतोय आणि तो काढणारी टीएसआर ही कंपनी पगारी चित्रकार ठेवू लागली आहे. व्हिएतनाममध्ये सैन्यात राहून आलेला डेव्हिड सदरलंड हा त्यांतला पहिला मोठा माणूस. या वर्षीच्या ‘बेसिक सेट’च्या खोक्यावर त्याचं चित्र आहे: सोन्याच्या राशीवर ड्रॅगन, दारातून आत आलेला धनुर्धारी आणि मंत्राची कांडी उगारलेला जादूगार. वर्षाच्या अखेरीस ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ येतं. 350 हून अधिक राक्षसांचं हे पुस्तक. त्याच्या मुखपृष्ठावर सदरलंडने जमीन उभी कापून दाखवली आहे. वर उजेडात ड्रॅगन आणि युनिकॉर्न, खाली अंधाऱ्या पोकळ्यांमध्ये वेगळीच जत्रा.

यांतले काही राक्षस कुठून आले ते पाहा. गायगॅक्सने स्वस्तातल्या दुकानातून प्लॅस्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी आणली होती. हाँगकाँगमध्ये बनलेली ती खेळणी कुठल्याच खऱ्या प्राण्यासारखी दिसत नव्हती. त्यांतून लोखंडाचा गंज करून टाकणारा रस्ट मॉन्स्टर आला, जमिनीखालून झेपावणारा बुलेट आला, घुबडाच्या तोंडाचा आउलबेअर आला. बोटभर प्लॅस्टिकला हाडं, वजन आणि भूक देण्याचं काम चित्रकारांनी केलं. सदरलंडची शरीरं अनेकदा ताठर असतात, चेहरे साधे असतात. पण त्याच्या राक्षसाशी गाठ पडली तर पळायचं कुठे, हा विचार मनात येतोच.

पुढच्या वर्षी, 1978 मध्ये, ‘प्लेयर्स हँडबुक’ येतं. आत सदरलंडचं पानभर चित्र आहे, ‘अ पॅलाडिन इन हेल’. नरकातल्या खडकाच्या कडेवर एकटा उभा असलेला धर्मयोद्धा, समोर सैतानांची झुंड. तो इथे आला कसा? परत जाणार कसा? मजकूर काहीच सांगत नाही. तो का आला असेल, हे तुम्ही मनातल्या मनात रचू लागता. तुमच्या नकळत तुमचा खेळ सुरू झालेला असतो.

आता ते पुस्तक मिटा आणि मुखपृष्ठाकडे या. इथे घाई करू नका.

हे चित्र डेव्हिड ट्रॅम्पियरचं. एका देवळाच्या गाभाऱ्यात शिंगं असलेल्या दैत्याची प्रचंड मूर्ती बसली आहे. तिच्यापुढे आग धगधगतेय आणि सगळ्या चित्रावर तांबूस झळ आहे. मूर्तीच्या डोक्यापाशी दोन चोर चढून बसलेत आणि डोळ्यातलं भलंमोठं रत्न उचकटून काढतायत. खाली फरशीवर सरड्यासारख्या माणसांची प्रेतं पडली आहेत. एक योद्धा तलवार पुसतोय. काही जण नकाशावर वाकलेत. तुम्ही आलात तेव्हा लढाई संपलेली आहे.

त्या काळची पुस्तकांची मुखपृष्ठं आठवा. उगारलेली तलवार, उघडा दंड, पायाशी बिलगलेली स्त्री. ट्रॅम्पियरने तो क्षण हातचा जाऊ दिला आणि नंतरचा क्षण धरला. यात नायक नाही, टोळी आहे. प्रत्येक जण आपापल्या कामात आहे. कुणी लोभात, कुणी काळजीत, कुणी पुढच्या बेतात. टेबलाभोवती बसून हा खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना ही माणसं ओळखीची वाटतात. कारण रात्र रात्र खेळताना खरोखर असंच होतं. लढाई थोडी, आणि तिच्यानंतरचं बोलणं फार: प्रेतांच्या खिशात काय आहे, जखमी किती, मशाली किती उरल्या, पुढे जायचं की मागे फिरायचं.

तुमची नजर परत त्या दोन चोरांकडे जाते. रत्न निघालं की काय होईल? मूर्ती जागी होईल? छत कोसळेल? काहीच होणार नाही? नकाशा पाहणाऱ्यांना वर काय चाललंय याचा पत्ता तरी आहे का? त्यांना ओरडून सांगावं, की रत्न हाती येईपर्यंत गप्प राहावं? रत्न अजून डोळ्याच्या खोबणीत आहे. ट्रॅम्पियरने ब्रश नेमका तिथे उचलला आणि पुढचं सगळं तुमच्या हाती दिलं.

1979 मध्ये तो हेच पुन्हा करतो, या वेळी काळ्या शाईत. ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये एक दगडी गल्ली आहे. घोड्यावरचा एक जादूगार तिच्यातून दौडत येतोय, त्याच्या हातून मंत्र सुटतायत, माणसं कोसळतायत. एका दारातून कुणीतरी तलवार उपसून बाहेर धावतोय. चित्राचं नाव ‘एमिरिकोल द केऑटिक’. हा एमिरिकोल कोण, शहरावर का उलटला, हे नियमांत कुठेच लिहिलेलं नाही. म्हणूनच कितीतरी डंजन मास्टरांनी त्याची गोष्ट स्वतः रचली.

1981 मध्ये या. नव्या ‘बेसिक सेट’वर एरोल ओटसचं चित्र आहे. गडद रंग, पाण्यातून वर येणारा हिरवा ड्रॅगन, भाला घेतलेला योद्धा, हातात मंत्र पेटवलेली जादूगारीण. ओटसचं जग ओलसर आणि विचित्र आहे, स्वप्नात पाहिल्यासारखं. त्याच वर्षीच्या ‘एक्स्पर्ट सेट’वर एक जादूगार मंत्रबळाने दूरचं दृश्य पाहतोय, आणि ते दृश्य म्हणजे आधीच्या खोक्यावरचंच चित्र आहे. 1980 च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकातही त्याची चित्रं आहेत. हे पुस्तक मराठी वाचकाने जरूर चाळावं, कारण ग्रीक आणि नॉर्स देवांच्या रांगेत त्यात इंद्र, यम आणि काली आहेत, आणि त्यांनाही नियमांप्रमाणे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल याचे आकडे, दिलेले आहेत. ओळखीचं जगही अनोळखी दिसू शकतं, ही या खेळाची दुसरी मोठी देणगी. ती ओटसइतकी कुणाला साधली नाही.

1983. आता तुमच्या हातात लाल खोकं आहे. लॅरी एल्मोरचं चित्र: समोर आ वासलेला लाल ड्रॅगन, त्याच्यावर तुटून पडणारा योद्धा, त्याची पाठ आपल्याकडे. जगभरातल्या मुलांना हा खेळ कळला तो या खोक्यातून. एल्मोर, जेफ ईझली, क्लाइड काल्डवेल आणि कीथ पार्किन्सन ही चौकडी तैलरंगांत काम करणारी, कसलेली. खवल्यांवरचा उजेड, ढगांची खोली, चिलखतावरची चकाकी यांत 1978 चं कुणीही त्यांच्या जवळ येत नाही. एल्मोर तर खेळाडूंना मनापासून ओळखतो. 1989 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधलं त्याचं एक चित्र पाहा: एक टोळी लहानशा ड्रॅगनला मारून झाडाला टांगते आणि शिकाऱ्यांच्या ऐटीत उभी राहते. अशी टोळी प्रत्येक टेबलावर असते. तरीही या तैलचित्रांसमोर तुम्ही बहुतेक वेळा प्रेक्षक असता. दृश्य भव्य आहे, नायक ठरलेला आहे, आणि सगळं इतकं पूर्ण आहे की तुम्ही भर घालावी अशी जागा उरत नाही.

एक थांबा अजून, एप्रिल 1988. ‘ड्रॅगन’ मासिकाचा अंक उघडा. ट्रॅम्पियरची ‘वर्मी’ ही रंगीत चित्रमालिका 1977 पासून इथे येते आहे. या अंकातही ती आहे, गोष्ट मध्यावर आलेली. पुढच्या अंकापासून ती कायमची बंद होते. मासिकाने पाठवलेले मानधनाचे धनादेश परत येतात. 2002 मध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल गावी टॅक्सी चालवणाऱ्या ट्रॅम्पियरवर तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्रात लेख येतो, तेव्हा कुठे चाहत्यांना त्याचा ठावठिकाणा कळतो. चित्रकलेकडे तो परत वळला नाही. 2014 मध्ये तो गेला.

म्हणून माझा कौल असा. अनोळखी जगाची भुरळ हवी तर एरोल ओटस. भव्यता हवी तर लॅरी एल्मोर. राक्षसापुढे उभं राहण्याची भीती हवी तर डेव्हिड सदरलंड. पण टेबलाभोवती चार माणसं बसतात, कुणीतरी प्रश्न विचारतं आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागतात, तो क्षण हवा असेल तर पहिलं नाव डेव्हिड ट्रॅम्पियर. त्याच्या हातात एल्मोरची सफाई नव्हती. पण खेळ कशाने चालतो हे त्याला पुरतं कळलं होतं.

आज पुण्या-मुंबईतही हा खेळ खेळणारे गट आहेत आणि स्वतःच्या खेळासाठी चित्रं काढणारी मुलं-मुलीही आहेत. त्यांना एकच सांगणं: 1978 चं ते मुखपृष्ठ समोर ठेवा. पाठपृष्ठापर्यंत पसरलेलं पूर्ण चित्र पाहा, आणि चित्रात काय दाखवलं नाही याची यादी करा. मग आपल्या चित्रातली विजयाची शेवटची तलवार पुसून टाका. ती चालवायची की नाही, हे खेळणाऱ्याला ठरवू द्या.