माझ्या डबीचा इतिहास

सेंदाईचा इतिहास म्हटला की दाते मासामुने आठवतो. १६०० च्या सुमारास त्याने हे शहर वसवले. (आपल्या दात्यांशी त्याचे काही नाते नाही, हे इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगावे लागते!) पण यंदा मी ज्याचा इतिहास लिहिणार आहे, ती वस्तू माझ्या स्वयंपाकघरात आहे. चहा-साखरेच्या शेजारची एक छोटी डबी. तीत माझ्या अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या गोळ्या असतात.

मला पहिली फिट आली १९८५ साली, साताऱ्याला, सहावीत असताना. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल. नंतर डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन सुरू केले आणि फिट थांबल्या. पण वर्गात डोळे मिटू लागले. मैत्रिणी 'कुंभकर्ण' म्हणत आणि घरचे म्हणत, "मुलीच्या जातीला इतका आळस बरा नव्हे." १९९८ साली लग्न झाले. ह्यांना सगळे सांगितले होते, सासरी मात्र सांगितले नव्हते. कारण वारंवार फिट येणे ही हिंदू विवाह कायद्याने लग्नाला अडचण मानली होती. ती अट १९९९ साली निघाली, पण माणसांच्या मनातून इतक्या लवकर कुठे निघते? त्यामुळे दुपारी माझा डोळा लागला की सासूबाईंना तो निव्वळ आळस वाटे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटू लागले होते.

२००९ साली ह्यांच्या संशोधनासाठी आम्ही सेंदाईला आलो. इथे माणसे आगगाडीत बसल्या बसल्या खुशाल झोपतात आणि कुणी नावे ठेवत नाही. काम संपले की एकमेकांना "ओत्सुकारेसामा" म्हणतात. त्या शब्दातच थकणे आहे. दमलेल्याला मान देणारा हा शब्द ऐकून मला पहिल्यांदा वाटले, आपल्या थकव्याचे मूळ तरी शोधावे. वाचता वाचता जे सापडले ते असे.

१८५७ च्या मे महिन्यात, आपल्याकडे उठाव पेटत होता तेव्हा, लंडनच्या एका वैद्यकीय सभेत व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडने फिट थांबतात असे सांगितले. फिटवर खरोखर गुण देणारे हे पहिले औषध. पण ते शरीरात साठत जाई. रुग्ण सुस्त होत, विसराळू होत, अंगावर पुरळ उठे. पुढे १९१२ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गला आल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या तरुण डॉक्टरची खोली रुग्णांच्या दालनावर होती. रात्री रुग्णांना फिट येत आणि याची झोपमोड होई. म्हणून त्याने त्यांना झोपेचे नवे औषध दिले, तर फिटच कमी झाल्या! हेच ते फेनोबार्बिटोन, माझ्या सहावीतले. पुढे हाउप्टमान ज्यू म्हणून नाझींच्या राज्यातून परागंदा झाला आणि अमेरिकेत वारला. त्याची गोळी मात्र साताऱ्यापर्यंत पोचली.

दोन्ही औषधे गुंगी आणणारी. त्यामुळे पुष्कळांची समजूत झाली की गुंगी येते म्हणूनच फिट थांबते. ती खोटी ठरली १९३८ साली. बॉस्टनच्या मेरिट आणि पुटनम या डॉक्टरांनी मांजरांवर एकेक रसायन तपासत फेनिटॉइन शोधून काढले. ते १९०८ सालीच तयार झाले होते, पण त्याने झोप येत नाही म्हणून ते मागे पडले होते. त्याने गुंगीवाचून फिट थांबल्या! (हिरड्या सुजणे वगैरे त्याचे त्रास निराळे.) म्हणजे झोप आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. माझ्या जन्माच्याही कितीतरी आधी सिद्ध झालेली गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती.

त्यानंतर कितीतरी औषधे आली. झोनिसामाइड तर जपानमध्येच तयार झाले आणि १९८९ साली इथे मान्य झाले. पण झोप किंवा थकवा अजिबात नाही असे औषध सर्वांसाठी अजून सापडलेले नाही. एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसत नाही.

११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटे. भूकंप झाला तेव्हा डबीत सहा दिवसांच्या गोळ्या होत्या. गॅस नाही, वीज नाही, दुकानांपुढे रांगा. आयुष्यभर जिच्यावर रागावले, ती गोळी मी मोजून मोजून पाहत होते. कारण ही औषधे एकाएकी बंद झाली तर जोरात फिट येऊ शकतात. पाचव्या दिवशी एक औषधाचे दुकान उघडले. तिथल्या बाईंनी माझी 'ओकुसुरी तेचो', म्हणजे औषधांची नोंदवही, पाहिली आणि गोळ्या दिल्या. मी दुकानातच रडले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारले, "थकवा येतो का?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच विचारला गेला. मी म्हटले, "हो, फार." त्यांनी झोप किती, रात्री नकळत फिट येतात का, मन उदास असते का, हे सगळे विचारले. रक्त तपासले. मग हळूहळू गोळी बदलली आणि मोठा डोस रात्रीचा केला. थकवा गेला नाही, पण निम्मा झाला. दुपारी अजून अर्धा तास पडते. आता लपून नाही.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी अपस्मार असलेल्यांसाठी 'संवेदना' हा गट सुरू केला. इथे तोहोकू विद्यापीठात २०१० पासून अपस्माराचा स्वतंत्र विभाग आहे. आता विचारायला जागा आहेत. आपल्या मंडळातही कुणाच्या घरी अशी डबी असेल. त्यांना एवढेच सांगते, गोळी मनाने बंद करू नका आणि थकवा मनात ठेवू नका. डॉक्टरांना सांगा, घरच्यांनाही सांगा.

गेल्या खेपेला साताऱ्याला गेले तेव्हा सासूबाईंना सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, आधी नाही का सांगायचं? जा, पड जरा."

ओत्सुकारेसामा, मंडळी!