एलिट दर्जाची पात्रता: मैल आणि सेगमेंट

एलिट दर्जा हा विमान कंपन्यांनी आपल्या नियमित प्रवाशांना दिलेला विशेष ग्राहकदर्जा होय. कंपनीच्या सदस्य योजनेत, म्हणजेच फ्रिक्वेंट फ्लायर योजनेत, नाव नोंदवलेल्या प्रवाशाने एका वर्षात ठरावीक प्रमाणात प्रवास केल्यास त्याला हा दर्जा मिळतो. हे प्रमाण मोजण्याच्या दोन पद्धती दीर्घकाळ प्रचलित होत्या. पहिलीत उडालेले अंतर मैलांत मोजले जाई, तर दुसरीत उड्डाणांची संख्या, म्हणजेच सेगमेंट, मोजली जात असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अनेक कंपन्यांनी या दोन्हींच्या जोडीला किंवा त्यांच्या जागी तिकिटावर खर्च केलेली रक्कम हा निकष आणला.

संज्ञा

सेगमेंट म्हणजे एका उड्डाण क्रमांकाखाली केलेला प्रवासाचा एक टप्पा. मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे न्यू यॉर्कला विमान बदलून जाणाऱ्या प्रवाशाचे दोन सेगमेंट होतात. थेट जाणाऱ्याचा एकच होतो. एकाच क्रमांकाचे विमान वाटेत एखाद्या ठिकाणी थांबून पुढे गेले, तरी सर्वसाधारणपणे तो एकच सेगमेंट धरला जातो.

मैलांचे दोन प्रकार असतात. मोफत तिकिटासाठी वापरता येणारे मैल खर्च होतात. दर्जासाठी मोजले जाणारे मैल खर्च होत नाहीत, परंतु पात्रतेचे वर्ष संपताच त्यांची गणना बहुधा पुन्हा शून्यापासून सुरू होते. क्रेडिट कार्डावर किंवा हॉटेलात मिळालेले मैल पारंपरिक पद्धतीत सहसा पहिल्या प्रकारात मोडत. या दोहोंतील भेद लक्षात न आल्याने खात्यात भरपूर मैल असूनही दर्जा का मिळाला नाही, असा संभ्रम प्रवाशांत अनेकदा आढळतो.

इतिहास

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत विमानवाहतुकीवरील भाडे व मार्ग यांचे सरकारी नियंत्रण उठवण्यास सुरुवात झाली. कंपन्यांमध्ये स्पर्धा वाढली आणि ग्राहक टिकवून ठेवण्याची गरज निर्माण झाली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'अ‍ॅडव्हांटेज' ही योजना सुरू केली. त्याच महिन्यात युनायटेड एअरलाइन्सची 'मायलेज प्लस' योजना आली. नावांप्रमाणेच या योजनांचा पायाही मैल हाच होता. पुढे सर्वाधिक प्रवास करणाऱ्यांना वेगळे काढण्यासाठी एलिट श्रेणी निर्माण झाल्या. प्राधान्याने विमानप्रवेश, अधिक सामान, वरच्या वर्गात बढती आणि काही श्रेणींना विश्रामकक्षाचा वापर असे त्यांचे लाभ असतात. १९९७ मध्ये स्टार अलायन्सची स्थापना झाल्यानंतर एका कंपनीत मिळवलेला दर्जा संघातील इतर कंपन्यांतही मान्य होऊ लागला.

दोन पद्धतींची तुलना

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत दीर्घकाळ सर्वांत खालच्या श्रेणीसाठी २५,००० मैल किंवा ३० सेगमेंट आणि त्यावरच्या श्रेणीसाठी ५०,००० मैल किंवा ६० सेगमेंट अशी अट होती. दोहोंपैकी एक पूर्ण झाली तरी पुरे. २५,००० ला ३० ने भागल्यास सुमारे ८३३ मैल, म्हणजे सुमारे १,३४० किलोमीटर, हा आकडा येतो. ज्याचे सरासरी उड्डाण यापेक्षा लहान, त्याला सेगमेंटचा मार्ग जवळचा. ज्याचे मोठे, त्याला मैलांचा.

उदाहरणार्थ, डॅलस ते ह्यूस्टन हे अंतर सुमारे २२५ मैल आहे. कामानिमित्त या मार्गावर वर्षात १५ वेळा जाऊन परतणाऱ्याचे ३० सेगमेंट पूर्ण होतात, पण प्रत्यक्ष मैल जेमतेम ६,७५० होतात. काही कंपन्या लहान उड्डाणालाही किमान ५०० मैल देत असत. तसे धरले तरी बेरीज १५,००० च्या पुढे जात नाही. म्हणजे केवळ मैल मोजले असते, तर हा नियमित ग्राहक दर्जाविना राहिला असता.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि महाराष्ट्रात घर असलेल्या प्रवाशाचे देता येईल. न्यूअर्क ते मुंबई हे थेट अंतर सुमारे ७,८०० मैल आहे. वर्षात दोनदा येऊन गेल्यास केवळ चार सेगमेंट होतात, परंतु मैल ३१,००० च्या वर जातात. मैलांच्या हिशेबात तो पहिल्या श्रेणीस पात्र ठरतो. सेगमेंटच्या हिशेबात तो उंबरठ्यापासून फार दूर असतो. तथापि स्वस्त भाडेवर्गाच्या तिकिटावर किंवा भागीदार कंपनीच्या विमानात अनेक योजना पूर्ण मैल देत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष बेरीज कमी भरू शकते.

राहण्याच्या ठिकाणाचाही परिणाम होतो. मोठ्या केंद्रीय विमानतळाच्या शहरातून बहुतेक ठिकाणी थेट विमान मिळते. लहान गावातील प्रवाशाला आधी त्या केंद्रावर जाऊन विमान बदलावे लागते. वेळ आणि दगदग अधिक, पण प्रत्येक फेरीत सेगमेंट दुप्पट मिळतात. या अर्थाने सेगमेंट पद्धत गैरसोयीची काही प्रमाणात भरपाई करते.

खर्चाच्या निकषाकडे वाटचाल

वर्षअखेरीस उंबरठा ओलांडण्यापुरती केलेली, गरज नसलेली स्वस्त फेरी 'मायलेज रन' या नावाने ओळखली जाऊ लागली. उड्डाणे वाढवण्यासाठी मुद्दाम अनेक टप्प्यांचा मार्ग निवडणे म्हणजे 'सेगमेंट रन'. असे प्रवासी अल्प पैशांत मोठे लाभ मिळवतात, असे कंपन्यांच्या लक्षात आले. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१४ पासून, तर अमेरिकनने २०१७ पासून मैल किंवा सेगमेंटच्या जोडीला किमान खर्चाची अट घातली.

युनायटेडने २०२० पासून मैलांची मोजणी बंद केली. त्या वेळच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीसाठी १२ उड्डाणे व ४,००० गुण किंवा केवळ ५,००० गुण लागत. गुण मुख्यत्वे तिकिटावरील डॉलरमधील खर्चावर मिळत. दुसऱ्या मार्गातही युनायटेडची किमान चार उड्डाणे आवश्यक होती. अमेरिकनने २०२२ पासून सर्व निकष एकत्र करून एकच गुणपद्धत आणली. तिच्यात कंपनीच्या क्रेडिट कार्डावरील खर्चही धरला जातो, त्यामुळे विमानात पाऊल न ठेवताही दर्जा मिळू शकतो. डेल्टाने २०२४ पासून केवळ खर्च हाच निकष ठेवला. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मर्यादांवर ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यानंतर कंपनीने पुढच्याच महिन्यात त्या काही प्रमाणात खाली आणल्या.

युरोपात एअर फ्रान्स व केएलएम यांच्या 'फ्लाइंग ब्लू' योजनेने २०१८ पासून मधला मार्ग स्वीकारला. तेथे प्रत्येक उड्डाणाला अंतराच्या टप्प्यानुसार व आसनवर्गानुसार गुण मिळतात: इकॉनॉमी वर्गात देशांतर्गत उड्डाणाला २, तर सर्वांत लांबच्या उड्डाणाला १२. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून खर्चाचा निकष आणला, मात्र खालच्या दोन श्रेणींसाठी अनुक्रमे २५ व ५० उड्डाणांचा पर्याय शिल्लक ठेवला. भारतात एअर इंडियाची योजना २०२४ मध्ये खर्चाधारित झाली.

टीका

पहिला आक्षेप असा, की तिकिटाचे पैसे बहुधा नोकरी देणारी संस्था भरते आणि लाभ कर्मचाऱ्याला मिळतो. त्यामुळे स्वस्त पर्याय असूनही दर्जा टिकवण्यासाठी ठरावीक कंपनीचेच तिकीट घेण्याचा मोह होतो आणि नव्या कंपनीला बाजारात शिरणे कठीण जाते. याच कारणाने नॉर्वेने २००२ ते २०१३ या काळात देशांतर्गत उड्डाणांवर असे गुण देण्यास बंदी घातली होती.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी इम्पीरिअल कॉलेज लंडनमध्ये तयार झालेल्या २०१९ च्या अहवालात अतिरिक्त विमानप्रवासास उत्तेजन देणाऱ्या अशा योजनांवर बंदी सुचवण्यात आली. या दृष्टीने सेगमेंट पद्धत विशेष सदोष ठरते, कारण ती थेट विमानाऐवजी वाटेत बदलण्यास, म्हणजे अधिक वेळा उड्डाण करण्यास, बक्षीस देते.

खर्चाच्या निकषामुळे निरर्थक फेऱ्यांचे आकर्षण कमी होते. परंतु स्वतःच्या खिशातून स्वस्त तिकीट काढणारा नियमित प्रवासी मागे पडतो आणि महागड्या वर्गातून क्वचित जाणारा पुढे जातो. मैलांनी अंतराला, सेगमेंटने वारंवारतेला आणि खर्चाने उत्पन्नाला महत्त्व दिले. त्यामुळे मोजण्याचे एकक बदलले, की कंपनीच्या लेखी निष्ठावान ग्राहक कोण, याची व्याख्याही बदलते.